आजी ही सरकारी योजना नव्हे

मूल सहा महिन्यांचं झालं की घरात एकच प्रश्न उरतो: आता याला सांभाळणार कोण? नोकरीच्या मुलाखतीत तो बाईला विचारतात, पुरुषाला विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. डॉक्टर विचारतात, सोसायटीतल्या बायका लिफ्टमध्ये विचारतात. उत्तर ‘आजी आहे घरी’ असं आलं की विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो आणि विषय मिटतो.

ती आजी मी आहे. बँकेतून निवृत्त झाले, वाकडला लेकीकडे राहते आणि सकाळी साडेआठपासून संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत दीड वर्षाच्या नातवाला बघते. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते वाचून ‘यांना नातवंडांची हौस नाही’ असं कुणी म्हणू नये. हौस भरपूर आहे. माझं म्हणणं इतकंच की तीन वर्षांखालच्या मुलांचा सांभाळ हा रस्ते, पाणी, शाळा यांच्या रांगेत बसणारा सार्वजनिक प्रश्न आहे, आणि तो आजीच्या पदरात टाकून आपण सगळे, सरकारसकट, मोकळे झालो आहोत. घरापासून किंवा कामापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, पूर्ण दिवस उघडं असणारं सार्वजनिक पाळणाघर हा प्रत्येक मुलाचा हक्क असला पाहिजे. आजी असो वा नसो.

आजीच्या या कामाचं कौतुक फार होतं, वर्णन कमी होतं. दीड वर्षाचं मूल म्हणजे दहा-अकरा किलोचा ऐवज, तोही वळवळणारा. साठीनंतर जमिनीवरून उठायचं तर आधी हात टेकायचा, मग एक गुडघा, मग सोफ्याची कड धरायची. तेवढ्या वेळात तो स्वयंपाकघरात पोचून कणकेच्या डब्याचं झाकण काढून बसलेला असतो. दुपारी वरणभात मऊ कालवून, वर तूप सोडून घास करायचे. पहिले चार पटापट जातात, पाचव्याला ओठ घट्ट मिटतात. मग गॅलरी, मग खाली पार्किंगमधला कुत्रा, मग समोरच्या बांधकामावरची क्रेन. भरवायला पाऊण तास आणि पुसायला वेगळा. तो झोपला की मी झोपावं असं सगळे सांगतात. त्या वेळात त्याचे कपडे वाळत घालायचे असतात, भाजी निवडायची असते, आणि स्वतःची बीपीची गोळी घेतली की नाही ते आठवायचं असतं.

जावई आठवड्यातून दोन दिवस घरून काम करतो. खोलीचं दार लावलेलं, कानाला हेडफोन. ‘बाबा आत आहे’ हे पोराला कळतं आणि ते दारावर थापा मारत बसतं. त्या वेळी मी काय करते? मोबाइलवर बडबडगीतं लावून देते. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात दाखवू नका असं आपल्या बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना सांगते, आणि ते बरोबरच आहे. फक्त हा सल्ला पाळायला घरात दिवसभर एक धडधाकट, रिकामा माणूस लागतो, ते त्या पत्रकात लिहिलेलं नसतं.

परदेशातल्या आपल्या मंडळींनी तर आजीचं वेळापत्रकच बसवलं आहे. न्यू जर्सीत नाहीतर टेक्सासात बाळ झालं की पहिले सहा महिने मुलीची आई, ती परतली की पुढचे सहा महिने मुलाची आई. पाहुण्यांच्या व्हिसावर एका वेळी साधारण तेवढंच राहता येतं, म्हणून विहिणी-विहिणींनी पाळ्या लावून घेतलेल्या. माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायका साठीनंतर पहिल्यांदा विमानात बसल्या त्या यासाठी. तिथलं पाळणाघर परवडत नाही आणि इथली आई फुकट आहे, असा त्यातला साधा हिशेब. तो प्रेमाने झाकलेला असतो म्हणून दिसत नाही.

आता आकडे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२४मध्ये देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केलं. माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची ती नोंद. त्यात १५ ते ५९ वयोगटातल्या, घरातल्या कुणाची तरी देखभाल करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सुमारे १४० मिनिटं देतात. असे पुरुष ७४ मिनिटं. शिवाय स्वयंपाक, धुणं, झाडलोट या बिनपगारी घरकामात त्याच वयाच्या बायकांची ३०५ मिनिटं जातात. वर्तमानपत्रांत या आकड्यांवर स्त्री-पुरुष असा मजकूर पुष्कळ आला, यायलाच हवा होता. माझी नजर मात्र वयोगटावर अडकली. १५ ते ५९. सर्वेक्षणात साठीच्या पुढच्यांचीही नोंद होते, पण चर्चेत येणारा आकडा ५९ला थांबतो. म्हणजे मी सकाळपासून जे करते ते ‘काम’ म्हणून पगारपत्रकात नाही, राष्ट्रीय उत्पन्नात नाही, आणि बिनपगारी कामाच्या बातमीतही नाही.

कायद्याने यात काहीच केलं नाही असं नाही. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात बारा आठवड्यांची भरपगारी रजा होती. माझी मुलं झाली तेव्हा तेवढीच. बाळ तीन महिन्यांचं असताना डोंबिवलीहून सकाळची गाडी पकडून फोर्टला जायचं, आणि ब्लाउज ओला होऊ नये म्हणून आत रुमालाची घडी ठेवायची, हे माझ्या पिढीतल्या पुष्कळजणींना माहीत आहे. २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा २६ आठवड्यांची झाली. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे, असंही त्यात आलं. पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद राहिली. चांगली गोष्ट आहे.

पण जरा बोटं मोजून बघा. २६ आठवडे म्हणजे सहा महिने, आणि त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेतले तर बाळाच्या वाट्याला चारच. दुसऱ्या टोकाला अंगणवाडी. तिथे मूल बसायला लागतं ते तिसऱ्या वर्षापासून. त्याआधी अंगणवाडी त्याचं वजन करते, लसीची आठवण करते, घरी न्यायला शिध्याची पाकिटं देते, पण सांभाळत नाही. म्हणजे सहा महिने ते तीन वर्षं हा जो मुलाच्या आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा आणि सगळ्यात कष्टाचा काळ, त्यात सरकारचा हात जवळजवळ नाही. मूल रांगतं, चालतं, पडतं, तोंडात काहीही घालतं, आजारी पडतं, बोलायला लागतं ते याच अडीच वर्षांत. आणि तीन वर्षांनंतरही अंगणवाडी काही तासांचीच असते. धुणीभांडी करणारी बाई दुपारचं काम सोडून पोराला आणायला धावते, नाहीतर मोठ्या मुलीला पाठवते.

दुसरी गोम खर्चाची. कर्मचारी विमा योजनेत येणाऱ्या कमी पगाराच्या बायका सोडल्या तर रजेचा सगळा पगार मालकाने द्यायचा, पाळणाघरही मालकाने उभारायचं. जे काम सगळ्या समाजाचं आहे त्याचं बिल बाईला नोकरी देणाऱ्या एका माणसाच्या नावावर फाडलं की तो काय करणार? तरुण, नुकतं लग्न झालेली मुलगी समोर बसली की त्याच्या डोक्यात बेरीज सुरू होते. मुलाखतीत ‘लग्न झालंय का, पुढचं काय ठरवलंय’ विचारणारा प्रत्येकजण दुष्ट नसतो. कायद्याने त्याला तसा हिशेब करायला लावलं आहे. संख्येच्या अटीचंही तेच. १९४८च्या कारखाने कायद्यात ३०हून जास्त स्त्री-कामगार असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं. म्हणजे तीसवर थांबलं की सुटका. आणि आपल्याकडे बहुतेक बायका जिथे राबतात त्या शेतात, चार घरच्या कामांत, भाजीच्या पाटीवर, शिलाईच्या घरगुती कामात पन्नास माणसांची आस्थापना आहे कुठे?

इथे ऊसतोडीबद्दल बोलायलाच हवं, कारण मुलांच्या सांभाळावरची आपली सगळी मध्यमवर्गीय चर्चा तिथे उघडी पडते.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव अशा जिल्ह्यांतून लाखो माणसं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे आणि पार कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्याकडून, उचल घेतलेली असते आणि ती फेडायला तोड करायची असते. या हिशेबाचं एकक आहे ‘कोयता’, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बायको मागे राहिली तर कोयता अर्धा. त्यामुळे अंगावरचं मूल घेऊन आई निघते. ज्यांच्या घरी धट्टीकट्टी आजी आहे ते मोठी मुलं गावात ठेवतात. पण पुष्कळदा आजीही तोडीला आलेली असते, नाहीतर तोडीनेच तिची कंबर गेलेली असते.

फडावर पहाटे अंधारात काम सुरू होतं. थंडी असते, पाचटाने, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांनी, हात कापतात. तान्हं मूल कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, एकटं कसं ठेवणार, म्हणून तेही फडावर येतं. ट्रॅक्टरच्या सावलीत नाहीतर बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधतात. चालायला लागलेलं मूल पाचटावर सोडतात. साप-विंचवाची भीती आहेच. जुन्नर-शिरूरच्या पट्ट्यात उसात बिबट्या असतो आणि त्याने लहान मुलं नेल्याच्या बातम्या दर काही महिन्यांनी येतात. आपण त्या वन्यजीवांच्या सदरात वाचतो. त्या मुलाला त्या वेळी कुणाकडे सोपवायची सोय होती, हे त्या बातमीत कुणी विचारत नाही. मग झोळीला झोका द्यायला आठ-नऊ वर्षांची ताई असते, आणि ती ताई सहा महिने शाळेबाहेर. या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, नंतर वसतिगृहं आली. पण ती शाळकरी वयासाठी. झोळीतल्याचं काय?

हे कुणाला नव्याने सुचलं आहे असंही नाही. १९४५मध्ये बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. पुढे १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांचं काम सुरू झालं. वारली वस्त्यांत मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना त्यांची. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. त्यांना दिसलं की मोठी भावंडं शाळेत येत नाहीत कारण कडेवर धाकटं असतं. मग त्यांनी ‘विकासवाडी’ उभी केली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. धाकट्याला पाळण्यात ठेवायचं, मधल्याने बालवाडीत जायचं, ताईने पाटी घेऊन वर्गात बसायचं. २ ऑक्टोबर १९७५ला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोचला. पाळणाघर मात्र कोसबाडलाच राहिलं. तिघांतला जो सगळ्यात लहान, त्याचीच खोली आपण बांधायची विसरलो. एकट्या महाराष्ट्रात आज लाखभर अंगणवाड्या आहेत, इतकं जाळं ज्या राज्यात जन्मलेल्या कल्पनेवर उभं राहिलं, त्या राज्यात हे विसरणं मला जास्त लागतं.

बांधकामावरच्या मुलांसाठी ‘मोबाइल क्रेशेस’ या संस्थेने १९६९मध्ये दिल्लीत सुरुवात केली, मुंबई-पुण्यातही ते काम पोचलं. वाकड-हिंजवडीत आमच्यासारख्यांचे बारा मजली मनोरे ज्यांनी उभे केले त्यांची मुलं वाळूच्या ढिगाजवळ खेळत असतात. जिथे कुणी संस्था आहे तिथे त्यांना एक खोली, खिचडी आणि सतरंजी मिळते. नसेल तिथे वाळू. संस्थेच्या पुण्याईवर किती काळ चालायचं?

मी हे बोलते तेव्हा पहिला आक्षेप ठरलेला येतो: लहान मूल घरच्या मायेतच वाढायला हवं, आईच्या नाहीतर आजीच्या कुशीत, पाळणाघर हे पाश्चात्त्यांचं खूळ. हा आक्षेप घेणाऱ्यांनी आपल्याच घरातला जुना इतिहास आठवावा. पूर्वीच्या वाड्यात मूल आईच्या कुशीत फारसं नसायचंच. आई चुलीपाशी, विहिरीवर, नाहीतर पुढच्या बाळंतपणात. मूल असायचं कडेवर थोरलीच्या, परकर-पोलक्यातल्या आत्याच्या, आणि लाल आलवणातल्या त्या बाईच्या, जिला दुसरं घर नव्हतं. ज्याला आपण एकत्र कुटुंबाची माया म्हणतो ती पुष्कळ अंशी अशा बायकांची बिनमोबदला, बिनपर्याय मजुरी होती. त्या विधवा आत्या गेल्या, थोरल्या बहिणी शाळेत गेल्या, दोन्ही गोष्टी उत्तम झाल्या. त्यांची रिकामी जागा भरायला उरली आजी. आणि आता आजीही सत्तरीपर्यंत नोकरी करणारी, गुडघे बदललेली, किंवा तीनशे किलोमीटरवर राहणारी निघते आहे. शिवाय मुलाला चार मुलांत राहायला आवडतं, हे ज्याने बागेत दीड वर्षाचं पोर सोडून पाहिलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. आमचा नातू माझ्याजवळ दिवसभर जे शब्द बोलत नाही ते शेजारच्या तीन वर्षांच्या दादाकडून अर्ध्या तासात उचलतो.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. २०१६च्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरातलं चित्रण सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. दहा महिन्यांच्या बाळाला आया मारते आहे, आपटते आहे. ते पाहून नोकरी सोडायचा विचार मनात आला नसेल अशी आई विरळा. पण त्यानंतर आपण काय केलं? आयेला शिव्या घातल्या आणि आजीला फोन केला. गल्लीतली पाळणाघरं आजही तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत चालतात. बहुतेक ठिकाणी चालवणाऱ्या काकू प्रेमळ असतात, खुंटीला नावं घातलेल्या पिशव्या असतात, डबे गरम करून भरवतात. पण एका आयेमागे मुलं किती असावीत, तिने कुठे प्रशिक्षण घेतलं, आगीच्या वेळी बाहेर पडायचं दार कुठलं, तपासायला येणार कोण, हे सगळं काकूंच्या सद्सद्विवेकावर. वडापावच्या गाडीला परवाना लागतो. इथे आपण दहा महिन्यांचा जीव ठेवतो आणि विश्वास ठेवतो. पाळणाघरात धोका आहे म्हणून पाळणाघरच नको, हा निष्कर्ष सोपा आहे; नोंदणी, तपासणी आणि पुरेशी, नीट पगारी माणसं हा अवघड. शिवाय घरात धोका नसतो असं कुणी सांगितलं? भाजण्याचे, पडण्याचे, औषधाची बाटली तोंडाला लावण्याचे अपघात घरातच होतात, आणि माझ्यासारखी बाई सूर मारून पोहोचू शकत नाही.

सरकारी योजना कागदावर आहे. ‘मिशन शक्ती’खाली २०२२पासून ‘पाळणा’ नावाची योजना आहे, आधीच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेचंच नवं रूप. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. कल्पना कोसबाडचीच म्हणायची. देशभरात अशा १७ हजार केंद्रांचं उद्दिष्ट ठेवलं. देशात अंगणवाड्या आहेत जवळपास चौदा लाख. प्रमाण तुम्हीच काढा. वेळ दिवसाला साडेसात तास. नऊ तासांची पाळी आणि येण्याजाण्याचा दीड तास असलेल्या आईने उरलेले तीन तास मूल कुठे ठेवायचं? उत्तर तुमच्या ओठांवर आलंच असेल. पंचवीस मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस. मी एका मुलामागे एक आहे आणि संध्याकाळी माझ्यात त्राण नसतं.

ज्यांच्या भरवशावर हे करायचं त्या सेविकांची अवस्था तर सगळ्यांसमोर आहे. ४ डिसेंबर २०२३पासून महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका-मदतनीस दीड महिन्याहून जास्त संपावर होत्या. मागणी काय, तर वेतन, ग्रॅच्युइटी, निवृत्तिवेतन. त्यांना मिळतं ते मानधन; मुलं सांभाळणं ही सेवा आहे, नोकरी नाही, असं सरकारचं गृहीत. घरात आजीबद्दल आपण जे गृहीत धरतो तेच मंत्रालयाने सेविकेबद्दल धरलं आहे. बाईला मुलं आवडतातच, मग पैसे कशाला? या एका समजुतीवर आपलं सगळं बालसंगोपन उभं आहे.

शेजारचं कर्नाटक बघा. २०२३पासून तिथे ग्रामपंचायतींत ‘कूसिना मने’ म्हणजे बाळांचं घर ही योजना सुरू झाली. रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांची मुलं तिथे राहतात आणि सांभाळणाऱ्याही गावातल्याच, प्रशिक्षण दिलेल्या बायका. सगळं सुरळीत असेल असा माझा दावा नाही. पण पंचायतीने पाळणाघर चालवायचं असतं, ही कल्पना तिथल्या सरकारला विचित्र वाटली नाही.

‘पैसे कुठून आणणार?’ हा प्रश्न मी बँकेत आयुष्य काढल्यामुळे आदराने घेते. त्याला महाराष्ट्राकडे स्वतःचं उत्तर आहे. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर गेली आणि तिला पैसा हवा म्हणून १९७५मध्ये व्यवसाय कर आला. नोकरदारांनी आपली पगाराची पावती काढून पाहावी: दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी कर द्यायचा, हे पन्नास वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्राला पटलं होतं. त्या वेळचं राज्य आजच्याहून गरीब होतं. आज घरपट्टीच्या बिलात वृक्षकर असतो आणि आम्ही तो निमूट भरतो. झाडांसाठी कर चालतो तर मुलांसाठी का नाही? मालकावरचं ओझं कमी करून ते सगळ्यांवर थोडं थोडं वाटलं तर मुलाखतीतला तो प्रश्नही हळूहळू मरेल.

आणि बाप? तोही आलाच. केंद्र सरकारच्या नोकरांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत कायदा त्याबद्दल गप्प. माझा जावई चांगला आहे, रात्री मूल त्याच्याजवळच झोपतं, रविवारी आंघोळ तोच घालतो. पण मंगळवारी दुपारी ताप चढला की शाळेचा, दवाखान्याचा, जगातला प्रत्येक फोन आधी लेकीला येतो. बापांनी वाटा उचलायलाच हवा. फक्त आई-बाप दोघं प्रत्येकी दहा तास बाहेर असतील तर वाटणी नीट झाल्याने दिवसाचे तास वाढत नाहीत. तिसरी जागा लागतेच.

ती जागा शहरात शोधायला फार लांब जावं लागणार नाही. महापालिकेच्या मराठी शाळांमधल्या कितीतरी खोल्या पटसंख्या घटल्याने कुलूपबंद आहेत. तळमजल्यावरची खोली, शेजारी मोरी, छोटं स्वयंपाकघर, सकाळी आठ ते रात्री आठ, दहा मुलांमागे दोन पगारी माणसं. उत्पन्नाप्रमाणे फी घ्या, माझ्या लेकीकडून पूर्ण घ्या. ज्येष्ठांची विरंगुळा केंद्रं आपण बांधतोच. त्याच इमारतीत हे आलं तर आम्ही म्हातारी माणसं दुपारी गोष्ट सांगायला खुशीने जाऊ. जबाबदारी कुणा पगारी माणसाची आहे हे ठाऊक असलं की हौस टिकते.

पण सुरुवात वाकडपासून नको. इथे निदान पैसे मोजले तर तळमजल्यावरच्या काकू मिळतात. फडावर पैसे असूनही काही मिळत नाही, आणि तिथे पैसे नसतातच. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचं ठरलेलं आहे आणि तितकेच सरकारने घालायचे आहेत. तोडीचा कार्यक्रम कारखान्याचं शेती खातं गटवार आखतं. कुठल्या आठवड्यात कुठल्या गावच्या शिवारात किती कोयते असतील हे चिटबॉयला, म्हणजे कारखान्याच्या तोडीची नोंद ठेवणाऱ्या माणसाला, तोंडपाठ असतं. टोळीतल्याच दोन बायकांना कोयत्याइतकीच मजुरी देऊन, प्रशिक्षण देऊन, कोप्यांच्या तळावर एक पक्का तंबू, पाणी, शिजवायची सोय आणि जवळच्या अंगणवाडीशी जोडलेली नोंदवही, इतक्यावर काम सुरू होतं. गाळप परवान्यासाठी कारखाना साखर आयुक्तांकडे अर्ज करतो, तेव्हा ऊस किती, क्षमता किती, थकबाकी किती हे सगळं विचारतात. त्या अर्जात एक रकाना वाढवा: तळावर सहा वर्षांखालची मुलं किती आणि त्यांची सोय काय. रकाना कोरा असेल तर परवाना अडवा. पुढचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. तेवढ्या मुदतीत हे होण्यासारखं आहे.